गरोदरपणात रक्तवाहिन्या सैल कशा होतात? रिलॅक्सिन आणि इतर पेप्टाइड हार्मोन्सविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचव्या महिन्यात बीपी 100/60 आले की घरात काळजी सुरू होते आणि 136/88 आले की "थोडेसेच वाढले आहे" म्हणून सोडून दिले जाते. खरे तर बहुतेक वेळा पहिला आकडा निरोगी असतो आणि दुसऱ्याकडे लक्ष द्यायला हवे असते. असे का, हे समजायचे असेल तर दिवस राहिल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तवाहिन्यांचे काय होते ते पाहावे लागते.

रक्तवाहिन्या सैल होण्याची गरजच काय?

गरोदरपणात अंगातला रक्तद्रव 40 ते 50 टक्क्यांनी वाढतो आणि हृदय दर मिनिटाला पूर्वीपेक्षा 40 ते 50 टक्के जास्त रक्त ढकलते. एरवी गर्भाशयाला मिनिटाला सुमारे 50 मिली रक्त पुरते, नववा महिना भरेपर्यंत हेच प्रमाण 500 ते 750 मिलीपर्यंत जाते. एवढे रक्त जुन्याच घट्ट नळ्यांतून जाऊ लागले असते तर बीपी भडकलेच असते.

लक्षात घेण्यासारखा आहे तो क्रम. आधी रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे शरीराला रक्त कमी पडल्यासारखे वाटते, मग मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात आणि वाढलेली जागा भरून निघते. शेवटच्या पाळीपासून मोजले तर पाचव्या-सहाव्या आठवड्यातच रक्तवाहिन्यांचा रोध (रक्ताच्या वाहण्याला होणारा अडथळा) उतरू लागतो. तेव्हा गर्भ काही मिलीमीटरचा असतो आणि वार धड तयारही झालेली नसते. म्हणजे ही व्यवस्था बाळाची मागणी वाढण्याच्या बरीच आधी लागते.

पेप्टाइड हार्मोन म्हणजे काय?

अमिनो आम्लांची छोटी साखळी. इन्सुलिन हे त्याचे घरोघरी ठाऊक असलेले उदाहरण. प्रोजेस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेनसारखी स्टेरॉइड हार्मोन्स चरबीत विरघळतात आणि पेशीच्या आत शिरतात, पेप्टाइडला ते जमत नाही. ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, म्हणजे रिसेप्टरला) चिकटते आणि पुढचा निरोप आतली रसायने नेतात. पोटात गेल्यास ते इतर प्रथिनांसारखे पचून जाते, म्हणून ते गोळीच्या रूपात सहसा देता येत नाही.

यातले मुख्य हार्मोन कोणते आणि ते कुठे तयार होते?

रिलॅक्सिन. माणसात रक्तात फिरते ते रिलॅक्सिन-2. त्याच्या दोन साखळ्या असतात, एक 24 आणि दुसरी 29 अमिनो आम्लांची, आणि त्या गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात. घडण इन्सुलिनसारखी आहे, दोघे एकाच कुळातले.

ते बनते बीजांडकोशात. बीज बाहेर पडल्यावर मागे राहिलेल्या पुटकाचा (बीजाच्या पिशवीचा) पीतपिंड होतो. गर्भ रुजल्यावर एचसीजी हार्मोन (लघवीच्या प्रेग्नन्सी टेस्टमध्ये दिसते तेच) या पीतपिंडाला जिवंत ठेवते आणि तो प्रोजेस्टेरॉनबरोबर रिलॅक्सिनही सोडू लागतो. पहिल्या तिमाहीच्या अखेरीस रक्तातली पातळी सर्वोच्च असते, मिलीलिटरमागे साधारण 1 नॅनोग्रॅम. पुढे ती उतरते आणि बाळंतपणापर्यंत खालच्या पातळीवर टिकून राहते.

1926 मध्ये अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ फ्रेडरिक हिसॉ यांनी गाभण सशाचे रक्तजल गिनीपिगला टोचले, तेव्हा तिच्या जघनास्थीचा सांधा सैल झाला. तिथून हे हार्मोन माहीत झाले आणि तिथूनच त्याला नावही मिळाले. "रिलॅक्सिन म्हणजे सांधे ढिले करणारे हार्मोन" ही समजूत त्यामुळे इतकी घट्ट बसली की रक्तवाहिन्यांवरचे त्याचे काम पुढची कित्येक दशके मागेच पडले.

रिलॅक्सिन रक्तवाहिनीला नेमके कसे सैल करते?

धमनीच्या आत पेशींचे एका थराचे अस्तर असते आणि त्याबाहेर स्नायूंचा थर. रिलॅक्सिनची ग्राही, आरएक्सएफपी-1, या भिंतीतल्या पेशींवर असते. ती कोणती हे 2002 मध्ये कळले. तिच्यापासून पुढे तीन वेगवेगळ्या गतीची कामे चालतात.

पहिले काम काही मिनिटांत होते. ग्राहीकडून जी-प्रथिन, तिथून पीआय-3 कायनेज, मग एकेटी अशी साखळी पेटते आणि शेवटी अस्तरातले ईनॉस हे एन्झाइम जागे होते. ईनॉस एल-आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते. तो झिरपत शेजारच्या स्नायूपेशीत जातो आणि तिथे सायक्लिक जीएमपी हे आतला निरोप नेणारे रसायन वाढवतो. त्याने पेशीतले मोकळे कॅल्शियम घटते आणि आकसलेला स्नायू सुटतो. हा वायू काही सेकंदच टिकतो, म्हणून तो सतत बनत राहावा लागतो. त्यात खंड पडला की धमनी पुन्हा आवळते.

दुसरे काम काही तासांपासून दिवसांपर्यंत चालते आणि त्यातली गंमत अशी की त्यात शत्रूलाच कामाला लावले जाते. एंडोथेलिन हे रक्तवाहिनी आवळणारे अत्यंत जबरदस्त पेप्टाइड. रिलॅक्सिनमुळे जिलॅटिनेज ही एन्झाइमे, म्हणजे एमएमपी-2 आणि एमएमपी-9, वाढतात. ती एंडोथेलिनच्या मोठ्या पूर्वरूपाला वेगळ्या जागी कापतात आणि 32 अमिनो आम्लांचा तुकडा तयार होतो. हा तुकडा अस्तरावरच्या ईटी-बी ग्राहीला चिकटला की तिथूनही नायट्रिक ऑक्साइडच बाहेर पडतो. एंडोथेलिनची ग्राही स्नायूवर असेल तर आवळणे, अस्तरावर असेल तर सैलावणे. तीच वस्तू, पण परिणाम जागेनुसार उलटा.

तिसरे काम सर्वांत सावकाश होते. भिंतीतल्या कोलॅजेनची मांडणी बदलते आणि धमनी मुळातच जास्त ताणली जाऊ लागते. स्नायू सैल असो वा आवळलेला, ही लवचीकता राहतेच. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा धक्का ती सोसून घेते.

या सगळ्याचा परिणाम किती मोठा? रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. म्हणजे लहान धमनीची त्रिज्या फक्त 10 टक्क्यांनी वाढली तरी रोध जवळजवळ 32 टक्क्यांनी घटतो.

हे माणसांत सिद्ध झाले आहे का?

साखळीचे बारकावे मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून आले आहेत. अमेरिकेत कर्क कॉनरॅड यांच्या गटाने 1999 मध्ये दाखवले की गाभण नसलेल्या उंदरांना रिलॅक्सिन दिले तरी मूत्रपिंडांतला रक्तप्रवाह आणि गाळणी गाभण उंदरांसारखी वाढते. 2001 मध्ये त्याच गटाने उलट बाजू तपासली. गाभण उंदरांतले रिलॅक्सिन प्रतिपिंडांनी निकामी केले किंवा बीजांडकोश काढले, तर ही वाढ झालीच नाही. देऊन पाहणे आणि काढून पाहणे, दोन्ही बाजूंनी उत्तर जुळले म्हणून हा पुरावा भक्कम मानला जातो.

माणसांत असा प्रयोग करता येत नाही. पण निसर्गतः पीतपिंड नसलेल्या स्त्रिया दात्याच्या बीजावर गरोदर राहतात, तेव्हा त्यांच्या रक्तात रिलॅक्सिन सापडत नाही. त्यांच्यात पहिल्या तिमाहीत मूत्रपिंडांची गाळणी नेहमीइतकी वाढत नाही. गर्भ मात्र वाढतो आणि बाळही होते. म्हणजे रिलॅक्सिनशिवाय गरोदरपण शक्य आहे, फक्त सुरुवातीची जुळवाजुळव तोकडी राहते.

प्राण्यांची निरीक्षणे सरसकट माणसाला लावू नयेत हेही खरे. उंदरात रिलॅक्सिन गर्भारपणाच्या उत्तरार्धात वाढते, माणसात पहिल्या तिमाहीत. गाय आणि मेंढी यांच्यात तर कामाचे रिलॅक्सिन नसतेच, तरी त्या वितातच.

रिलॅक्सिन एकटेच हे करते का?

नाही. अॅड्रेनोमेड्युलिन (52 अमिनो आम्ले, 1993 मध्ये जपानमध्ये शोध) गरोदरपणात रक्तात बरेच वाढते. त्याचाच नातलग सीजीआरपी, 37 अमिनो आम्लांचा, मज्जातंतूंच्या टोकांतून सुटतो. हे दोघे सायक्लिक एएमपी हे दुसरे निरोप्या रसायन वाढवून स्नायू सैल करतात, म्हणजे वाट वेगळी पण मुक्काम तोच. हृदयाच्या कप्प्यांतून येणारे एएनपी थेट सायक्लिक जीएमपी वाढवते. त्याला कार्यक्षम करणारे कोरिन हे एन्झाइम गरोदर गर्भाशयातही बनते. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या कामात कोरिन नसलेल्या गाभण माद्यांचे बीपी वाढले आणि गर्भाशयाच्या धमन्या नीट रुंदावल्या नाहीत. ब्रॅडिकायनिन आणि अँजिओटेन्सिन (1-7) हेही सैलावणाऱ्यांतले.

गर्भाशयातल्या सर्पिल धमन्यांची गोष्ट मात्र निराळी. तिथे वारेच्या पेशी स्वतः धमनीच्या भिंतीत शिरतात, स्नायूंचा थर काढून टाकतात आणि अरुंद नळीचे रुंद नरसाळे करतात. हे बांधकाम साधारण 20 ते 22 आठवड्यांपर्यंत चालते. एकदा स्नायूच गेला की त्या भागाला आवळणारी हार्मोन्स काही करू शकत नाहीत.

बीपी वाढवणारे अँजिओटेन्सिन गरोदरपणात वाढते म्हणतात. मग बीपी वाढत का नाही?

अँजिओटेन्सिन-2 खरोखर वाढते, कारण मीठ-पाणी धरून ठेवायला ते लागते. पण निरोगी गरोदर स्त्रीच्या रक्तवाहिन्या त्याला दाद देत नाहीत. 1973 मध्ये अमेरिकेत नॉर्मन गँट यांच्या गटाने पहिलटकरणींना ते शिरेतून देऊन मोजले. बीपी वाढवायला त्यांना एरवीपेक्षा जास्त मात्रा लागत होती. ज्यांना पुढे प्री-एक्लॅम्प्सिया (20 आठवड्यांनंतर बीपी वाढून मूत्रपिंडांसारख्या अवयवांवर परिणाम करणारा गरोदरपणातला आजार) झाला, त्यांच्यात ही बेफिकिरी बीपी वाढण्याच्या काही आठवडे आधीच ओसरू लागली होती.

मग गरोदरपणात बीपी किती असावे?

पहिल्या तिमाहीपासून ते उतरू लागते, 16 ते 24 आठवड्यांच्या दरम्यान सर्वांत खाली असते आणि शेवटच्या तिमाहीत हळूहळू मूळ पातळीवर येते. सरासरी उतार 5 ते 10 मिमीचा, वरच्या आकड्यापेक्षा खालच्यात जास्त. त्रास नसेल तर 95/60 ला औषध लागत नाही.

इथेच एक फसगत होते. जिला आधीपासून उच्च रक्तदाब आहे पण कधी तपासलेलाच नाही, तिचे बीपी पाचव्या महिन्यात उताराच्या तळाशी असताना 124/80 दिसू शकते. पहिली नोंद तेव्हाच झाली तर सगळे ठीक वाटते. आठव्या महिन्यात 144/92 आले की हा जुना आजार की नवा, ते सांगता येत नाही. म्हणून 12 आठवड्यांच्या आत नाव नोंदवून बीपी मोजून घ्या आणि तो आकडा माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिला आहे ना ते स्वतः पाहा. आशाताई किंवा एएनएम सिस्टरना विचारायला अजिबात संकोच करू नका. पुढच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ या पहिल्या आकड्यावरून लागतो.

घरी बीपी मोजताना कोणत्या चुका होतात?

सर्वांत मोठी चूक पट्ट्याच्या मापाची. दंडाचा घेर 33 सेंमीपेक्षा जास्त असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा आवळून बांधला की बीपी खोटेच जास्त दाखवतो आणि फार मोठा पट्टा कमी दाखवतो. मनगटाचे यंत्र टाळा. दंडाचे यंत्र घेताना ते गरोदरपणासाठी तपासून मान्य झालेले आहे का हे विचारा, कारण सैल, लवचीक धमन्यांत काही यंत्रांचा हिशोब चुकतो.

पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको. दंड हृदयाच्या पातळीला, खाली उशी. लघवीला जाऊन आल्यावर आणि चहानंतर निदान अर्ध्या तासाने मोजा. बोलू नका. उताणे झोपून मोजू नका: 20 आठवड्यांनंतर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि बीपी खोटेच कमी दिसते. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसह लिहा.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. हे रिलॅक्सिनमुळेच का?

बऱ्याच अंशी रक्तवाहिन्या सैल असल्यामुळे. उभे राहिल्यावर रक्त पायांत साचते आणि आवळणाऱ्या यंत्रणेचा जोर कमी पडतो. कुशीवर वळा, क्षणभर बसा, मग उठा. ओट्यापाशी फार वेळ ताटकळत उभे राहू नका, उभे राहावेच लागले तर पोटऱ्यांची हालचाल करत राहा. कडकडीत पाण्याची लांबलेली आंघोळ त्वचेच्या रक्तवाहिन्या आणखी रुंदावते. पाणी कमी पडू देऊ नका: रुंदावलेल्या नळ्या भरलेल्या राहायला पाणी लागते, म्हणून हरतालिकेसारखा निर्जळी उपवास या दिवसांत करू नये. पायांवर थोडी सूज आहे म्हणून आपल्या मनाने मीठ बंद करण्याचाही फायदा नाही.

शुद्ध हरपली, छातीत धडधडले, अंगावरून रक्त गेले किंवा पोटात तीव्र दुखले तर कारण वेगळे असू शकते. तेव्हा लगेच दवाखाना. हिमोग्लोबिन कमी असल्यानेही चक्कर येते, ते तपासून घ्या.

रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन 1.0 आहे आणि पुढे "नॉर्मल" छापले आहे. मग ठीकच ना?

नाही, डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंडांच्या धमन्या रुंदावल्याने गाळणी पहिल्या तिमाहीच्या अखेरीस सुमारे 50 टक्के वाढलेली असते. त्यामुळे गरोदरपणात क्रिएटिनिन साधारण 0.4 ते 0.8 मिग्रॅ प्रति डेसिलिटर असते. लॅबने छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्यांसाठी असते. प्री-एक्लॅम्प्सियात 1.1 च्या वर गेलेले क्रिएटिनिन मूत्रपिंडांवर परिणाम झाल्याचे लक्षण मानतात.

याच वाढलेल्या गाळणीमुळे मधुमेह नसतानाही लघवीत थोडी साखर दिसू शकते. निदान रक्ततपासणीवरूनच करायचे.

आयव्हीएफमध्ये गोठवलेला गर्भ सोडणार आहेत. त्याचा रिलॅक्सिनशी संबंध आहे का?

हो, आणि हा प्रश्न आधीच विचारायला हवा. गोठवलेला गर्भ सोडण्याच्या दोन पद्धती आहेत. नैसर्गिक चक्रात तुमचे स्वतःचे बीज सुटते, पीतपिंड होतो आणि रिलॅक्सिन मिळते. कृत्रिम चक्रात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन बाहेरून देऊन गर्भाशयाचे अस्तर तयार करतात. यात बीज सुटत नाही, पीतपिंड नाही, रिलॅक्सिनही नाही. प्रोजेस्टेरॉनच्या इंजेक्शनने किंवा जेलने गर्भ टिकतो, पण त्यातून रिलॅक्सिनची भरपाई होत नाही. अशा गरोदरपणात प्री-एक्लॅम्प्सियाचे प्रमाण जास्त आढळले आहे. ते रिलॅक्सिनच्या अभावानेच, की पीतपिंडातून येणारे आणखी काही हुकल्याने, हे अजून वेगळे काढता आलेले नाही.

पाळी नियमित असेल तर "माझ्यासाठी नैसर्गिक चक्र शक्य आहे का?" असे डॉक्टरांना विचारा. पाळी अनियमित असेल किंवा बीज बनतच नसेल तर कृत्रिम चक्र लागते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र तेव्हा बीपीवर सुरुवातीपासून नजर हवी आणि कमी मात्रेच्या अॅस्पिरिनबद्दल बोलणे हवे. ते 16 आठवड्यांच्या आत सुरू झाले तरच पुरेसा उपयोग होतो, आणि ते घ्यायचे की नाही हे डॉक्टरच ठरवतात.

प्री-एक्लॅम्प्सिया म्हणजे रिलॅक्सिन कमी पडणे का?

इतके सरळ नाही. आजार दिसेपर्यंत बिघाड पुढच्या कडीत झालेला असतो. सर्पिल धमन्या नीट रुंदावल्या नाहीत की वारेला रक्त अपुरे मिळते आणि ती एसएफएलटी-1 हे प्रथिन जास्त सोडते. ते आईच्या रक्तातली व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ ही वाढीची प्रथिने पकडून ठेवते. या दोघांवर रक्तवाहिनीचे अस्तर जगते. अस्तरच आजारी पडले की नायट्रिक ऑक्साइड बनत नाही, मग वरून कितीही सैलावणारी हार्मोन्स आली तरी निरोप पोहोचत नाही.

म्हणूनच एसएफएलटी-1 आणि पीएलजीएफ यांचे गुणोत्तर तपासतात. शंका असलेल्या स्त्रीत ते 38 किंवा कमी असेल तर पुढच्या एका आठवड्यात आजार उद्भवण्याची शक्यता फारच कमी. रिलॅक्सिनच्या रक्ततपासणीचा मात्र निदानासाठी उपयोग होत नाही, कोणी सुचवल्यास पैसे वाचवा.

20 आठवड्यांनंतर चार तासांच्या अंतराने दोनदा 140/90 किंवा जास्त आले तर त्याच दिवशी दाखवा. 160/110 ही आणीबाणी आहे, 108 ला फोन करा. आकडा काहीही असो, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणे, चेहऱ्यावर अचानक सूज किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका.

रिलॅक्सिनचे औषध मिळते का?

गरोदरपणासाठी नाही. प्रयोगशाळेत बनवलेले सेरेलॅक्सिन हृदयविकाराच्या रुग्णांना देऊन पाहिले होते, दिवसाला किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, 48 तास शिरेतून. 2013 मध्ये 1161 रुग्णांच्या चाचणीने आशा वाढवली. नंतर 6500 हून अधिक रुग्णांच्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत आणि ते मागे पडले. "रिलॅक्सिन वाढवणारे" म्हणून विकले जाणारे चूर्ण किंवा थेंब घेऊ नयेत.

कंबर आणि ओटीपोटाचे सांधे दुखतात ते रिलॅक्सिनमुळे?

तसे ठामपणे दाखवता आलेले नाही. रिलॅक्सिन तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असते, हे दुखणे सहसा त्यानंतर वाढते, आणि पातळी व वेदना यांचा मेळ अभ्यासांत नीट बसत नाही. फिजिओथेरपिस्टला दाखवून व्यायाम शिकणे जास्त उपयोगी.

बाळंतपणानंतर रक्तवाहिन्या लगेच पूर्ववत होतात का?

रिलॅक्सिन थोड्याच दिवसांत रक्तातून नाहीसे होते, धमन्यांच्या भिंतीतला बदल ओसरायला आठवडे लागतात. मधल्या काळात ऊतींतले साठलेले पाणी रक्तात परत येते आणि तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान बीपी सर्वांत वर जाते. नेमकी तेव्हाच बाळंतीण घरी आलेली असते आणि सगळ्यांचे लक्ष बाळाकडे असते. गरोदरपणात बीपी वाढले असेल तर तिसऱ्या दिवशी आणि पुन्हा सात ते दहा दिवसांत मोजून घ्या. औषधे आपल्या मनाने थांबवू नका. गरोदरपणात वर्ज्य असलेले एनालाप्रिल हे बीपीचे औषध अंगावर पाजताना डॉक्टर देऊ शकतात, म्हणून चिठ्ठीत ते दिसले तर बिचकू नका, पण पुढचे गरोदरपण ठरवण्याआधी ते बदलून घ्या. प्री-एक्लॅम्प्सियातले झटके (फिट) बाळंतपणानंतरही येऊ शकतात. सहा आठवड्यांच्या आत डोके फार दुखले किंवा नजर धूसर झाली तर ती अशक्तपणाची किंवा जागरणाची खूण समजू नका, आधी बीपी मोजा.